सकाळी सेल्फ रेंगाळतो, दुपारी नुसतं ‘टॉक’: वापरलेल्या छोट्या गाडीचं निदान कुठून सुरू करायचं?

(ऑनलाइन गप्पांचा धागा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

अर्धा चोक
अकरा वर्षं जुनी, सेकंडहँड, तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी. मॅन्युअल गिअर, मल्टिपॉइंट इंजेक्शन, ३५ अँपिअर-अवरची बॅटरी. बॅटरीवरची तारीख आठ महिन्यांपूर्वीची.

लक्षणं दोन. दोन दिवस उभी राहिली की सकाळी सेल्फ जड फिरतो, घर्र... घर्र... करत तीन-चार सेकंदांनी गाडी घेते. रोज चालवली तर त्रास कमी. दुसरं म्हणजे तापलेली गाडी बंद करून दहा मिनिटांनी किल्ली फिरवली की कधीकधी एकच ‘टॉक’, सेल्फ हलतही नाही. चौथ्या-पाचव्या वेळी मात्र झटक्यात चालू.

चेक इंजिनचा दिवा लागत नाही. एक मेकॅनिक म्हणतो बॅटरी बदला, दुसरा म्हणतो सेल्फ बदला. डिजिटल मीटर आणि पाने जवळ आहेत.

दहाचा पाना
दोघांपैकी कोणीही मीटर लावलेला दिसत नाही, तेव्हा दोन्ही मतं सध्या बाजूला ठेवा.

‘गाडी चालू होत नाही’ या एका वाक्यात तीन वेगळे आजार असतात. इंजिन फिरतच नाही, इंजिन हळू फिरतं, किंवा इंजिन नीट फिरतं पण पेटत नाही. पहिल्या दोघांत प्लग, पेट्रोल पंप, सेन्सर यांचा काडीचा संबंध नाही. तुमचं दुखणं पहिल्या दोनमधलं आहे, त्यामुळे कोणी प्लग बदलायला सांगितले तर नमस्कार करून पुढे चला.

आधी बिनखर्चाची चाचणी. हेडलाइट लावा, समोर भिंत असू द्या, आणि सेल्फ मारा. दिवे पार विझले तर बॅटरी रिकामी किंवा टर्मिनल सैल. दिवे थोडे मंदावले आणि नुसतं टॉक झालं तर हुकूम सेल्फपर्यंत पोचतोय, पण मोठा करंट मोटरमधून जात नाही. दिव्यांवर काहीच परिणाम नाही आणि आवाजही नाही, तर हुकूमच पोचत नाही: इग्निशन स्विच, रिले, फ्यूज, क्लचखालचा स्विच. ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रलमध्ये टाकून बघायचं. भराभर टिक-टिक-टिक-टिक झालं तर बहुतेक वेळा व्होल्टेज कमी. एकच टॉक हे वेगळं प्रकरण, त्यावर मागाहून.

मागची सीट
सोपा उपाय सांगतो. गाडी चालू असताना बॅटरीचं निगेटिव्ह काढा. बंद पडली तर ऑल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी भरणारा जनरेटर) गेला, चालू राहिली तर बॅटरी गेली.

ओहमचा नियम
हे कृपया करू नका. कार्ब्युरेटरच्या काळात ही युक्ती खपून गेली. चालू गाडीची बॅटरी तोडली की ऑल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर उसळतो, तो ४० व्होल्टच्याही वर जाऊ शकतो, आणि तो धक्का थेट ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, बसतो. गाडी बंद पडो वा चालू राहो, त्यावरून सिद्धही काही होत नाही. दहा सेकंदांत मीटरवर दिसणाऱ्या गोष्टीसाठी ईसीएम कशाला पणाला लावायचा?

अर्धा चोक, मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि पुढचं या क्रमाने मोजा.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी, दार न उघडता शक्य झालं तर उत्तम. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उपाशी. गाडी नुकतीच बंद केली असेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, मग मोजा, नाहीतर वरवरचा चार्ज खोटा आकडा दाखवतो.

मग सेल्फ फिरत असताना बॅटरीच्याच दोन खुंट्यांवर. मीटरची टोकं क्लॅम्पला न लावता शिशाच्या खुंटीला टेकवा. साधारण हवामानात ९.६ च्या खाली जाता कामा नये. एकाला किल्लीवर बसवा आणि एक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायला सांगा. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत त्यामुळे पेट्रोल तुटतं आणि इंजिन नुसतं फिरतं. तुमची गाडी तशीही चालू होत असेल तर पेट्रोल पंपाचा रिले काढून ठेवा. एका वेळी पाच सेकंद, मग अर्धा मिनिट विश्रांती. सेल्फची मोटर थोड्या वेळाच्या कामासाठीच बनवलेली असते, सतत फिरवली तर जळते.

त्यानंतर गाडी चालू असताना खुंट्यांवर १३.८ ते १४.५ यायला हवेत, हेडलाइट आणि पंखा लावूनही १३.५ च्या वर. मीटर एसी व्होल्टवर टाकून तिथेच मोजलंत तर अर्ध्या व्होल्टच्या आत असावं. जास्त आलं तर ऑल्टरनेटरचा डायोड फुटलाय.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: सेल्फ फिरत असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. मग एक टोक पॉझिटिव्ह खुंटीवर आणि दुसरं सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टवर. निगेटिव्ह बाजूला ०.२ च्या आत, पॉझिटिव्ह बाजूला ०.५ च्या आत. आकडे इथे टाका.

अर्धा चोक
दोन दिवस उभी ठेवून सकाळी मोजलं.
उभी: १२.३१
सेल्फ फिरताना खुंट्यांवर: १०.९
चालू: १४.२, दिवे-पंखा लावून १३.९, एसीवर ०.०४
पॉझिटिव्ह बाजू: ०.३१
निगेटिव्ह बाजू: १.१४

सेल्फ नेहमीसारखाच जड फिरत होता. १०.९ म्हणजे बॅटरी चांगली ना? मग जड का?

दहाचा पाना
त्या १०.९ मध्येच उत्तर आहे. सेल्फ जड फिरतोय तरी बॅटरी दमत नाहीये, म्हणजे तिच्यावर पूर्ण ओझं पडतच नाही. बॅटरी म्हातारी असती किंवा सेल्फ आतून अडकत असता तर खुंट्यांवर ९ किंवा त्याहून कमी दिसलं असतं. व्होल्टेज टिकून आहे आणि मोटर रेंगाळतेय, याचा अर्थ वाटेत कोणीतरी करंट अडवतंय. अडवणारा निगेटिव्ह बाजूला बसलाय, १.१४ वर सापडला. अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-बॉडीशी असलेली जोडणी.

आठ महिन्यांची बॅटरी बदलून काही मिळालं नसतं. मागच्या मालकानेही बहुधा याच त्रासापायी नवी टाकली असावी.

ओहमचा नियम
पूर्ण सहमत. मीटर ओहमवर टाकून अर्थची वायर तपासण्याच्या भानगडीत पडू नका, ती ‘चांगली’ दाखवेल. छोट्या पेट्रोल इंजिनचा सेल्फ फिरताना साधारण १०० ते १५० अँपिअर ओढतो. ११० धरले तर १.१ व्होल्ट खायला एक शतांश ओहम पुरतो. एवढा बारीक अडथळा साध्या मीटरला दिसत नाही. म्हणून करंट वाहत असतानाच मोजायचं.

खात्रीसाठी जंप केबलची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि सेल्फ मारा. एकदम तरतरीत फिरला तर निकाल लागला.

कार्बन ब्रश
अर्थची पट्टी कुठे शोधायची ते सांगतो. बॅटरीच्या निगेटिव्हमधून सहसा दोन फाटे निघतात, एक बॉडीला आणि एक गिअरबॉक्सला किंवा इंजिनला. काही गाड्यांत इंजिन ते बॉडी अशी वेगळी विणलेली पट्टीही असते. वरून ठणठणीत दिसणारी पट्टी लगच्या (टोकाच्या धातूच्या कडीच्या) तोंडाशी वाकवून बघा. आत हिरवी भुकटी निघाली किंवा तारा कटकट तुटल्या तर बदला.

पट्टी चांगली असेल तर दोन्ही टोकं सोडवा. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं, जोडताना ते सर्वांत शेवटी. लगचा चेहरा आणि ज्यावर तो बसतो ती जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. बॉडीच्या बाजूला हमखास रंगाचा थर असतो, अपघातानंतर पुढचा भाग रंगवलेल्या गाडीत तर असतोच. दातेरी वॉशर टाकून कसा आणि *कसल्यानंतर* वरून व्हॅसलिन लावा.

जाता जाता: इंजिनचा अर्थ पार गेला की करंट मिळेल त्या वाटेने परततो. जुन्या गाड्यांत एक्सिलरेटर नाहीतर क्लचची केबल ती वाट होते, आणि केबल गरम होऊन आतलं प्लॅस्टिक वितळतं. ‘केबल सारखी जड होते’ ही तक्रार कधीकधी तिथून आलेली असते.

अर्धा चोक
गिअरबॉक्सकडच्या टोकाला लगखाली पांढरट-हिरवा थर होता, निम्म्या तारा तुटलेल्या. पट्टी नवी टाकली. निगेटिव्ह बाजू आता ०.१२ आणि सेल्फ झपकन फिरतो.

एक कोडं मात्र पडलंय. फिरताना खुंट्यांवर आता १०.२ येतंय. आधी १०.९ होतं, म्हणजे बॅटरी आणखी बिघडली का?

ओहमचा नियम
उलट, हीच दुरुस्तीची पावती. आता सेल्फला हवा तेवढा करंट मिळतोय, म्हणून बॅटरी दबतेय. १०.२ उत्तम आहे.

पण ते १२.३१ मला अजून खटकतंय. १४.२ वर चार्ज होणारी आठ महिन्यांची बॅटरी दोन दिवसांत तिथे यायला नको. झोपलेल्या गाडीत कोणीतरी जागं आहे, करंटची गळती मोजा.

मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात. बोनेट उघडं ठेवून त्याचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने बंद करा, म्हणजे गाडीला बोनेट लागलंय असं वाटेल. दारं बंद, किल्ली लांब. निगेटिव्ह क्लॅम्प आणि खुंटी यांच्या मधे मीटर. सुरुवातीला आकडा मोठा येईल, घाबरू नका, कंट्रोल युनिट झोपायला वीस ते चाळीस मिनिटं घेतात. त्यानंतर ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. *मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही*, मीटरचा फ्यूज तिथल्या तिथे जातो.

मागची सीट
गळती असेल तर एकेक फ्यूज उपटत जायचं, आकडा पडला की सापडलं. हे तरी बरोबर ना?

ओहमचा नियम
बरोबर आहे, फक्त एक खोड आहे. फ्यूज काढून परत बसवला की झोपलेलं युनिट जागं होतं आणि पुन्हा अर्धा तास थांबावं लागतं. त्यापेक्षा मीटर मिलिव्होल्टवर ठेवा आणि फ्यूज जागेवरच राहू देऊन त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांना टोकं लावा. शून्य आलं तर त्या फ्यूजमधून काही वाहत नाही. काही दशांश मिलिव्होल्ट दिसले तर चोर त्या गल्लीत आहे.

अर्धा चोक
पाऊण तासानंतरही २८० मिलिअँपिअर. म्युझिक सिस्टिमच्या फ्यूजवर मिलिव्होल्ट दिसले, तो काढल्यावर २० उरले. सिस्टिम कंपनीची नाही, मागच्या मालकाने बसवलेली.

कार्बन ब्रश
हिशोब जुळतो. ०.२८ अँपिअर गुणिले ४८ तास म्हणजे साडेतेरा अँपिअर-अवर. ३५ च्या बॅटरीतून जवळजवळ चाळीस टक्के गेले, म्हणून दोन दिवसांनी त्रास आणि रोज चालवली तर नाही.

बाहेरच्या सिस्टिमच्या मागे पिवळी वायर कायमच्या सप्लायची असते, आठवणीपुरती, आणि लाल किल्लीवरच्या सप्लायची. बसवणारा घाईत दोन्ही कायमच्या सप्लायवर पिळून देतो. ॲम्प्लिफायर असेल तर निळी रिमोट वायरही कुठे जोडलीय बघा, ती सतत चालू राहिली तर ॲम्प्लिफायर रात्रभर जागाच. लाल वायर एसीसीवर, म्हणजे किल्लीवरच्या सप्लायवर, घ्या, सोल्डर करून स्लीव्ह चढवा, नुसती चिकटपट्टी नको.

गळतीचे आणखी नेहमीचे संशयित म्हणजे डिक्कीचा दिवा, ग्लव्ह बॉक्सचा दिवा आणि ऑल्टरनेटरचा डायोड. पाच वॅटचा एक बल्ब दिवसाला दहा अँपिअर-अवर खातो. डिक्की बंद केल्यावर दिवा विझतो का हे बघायला फोन व्हिडिओवर लावून आत ठेवून द्या.

आणि बॅटरी एकदा चार्जरवर लावा, साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास. छोट्या फेऱ्यांत ऑल्टरनेटर तिला पूर्ण भरू शकत नाही आणि अर्धपोटी बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट कडक होत जातं.

न्यूट्रल
धाग्यात थोडी घुसखोरी करतोय. इंजिन छान फिरतं पण पकडायला सात-आठ सेकंद घेतं, फक्त सकाळी. त्यालाही हेच का?

दहाचा पाना
नाही, तो तिसरा आजार. किल्ली ऑनवर न्या, मागच्या सीटखालून दोन सेकंद ‘झुंऽ’ ऐका, ऑफ करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. लगेच घेतली तर रात्रीतून लाइनचं प्रेशर उतरतंय: पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर. गेज लावता आलं तर लावा, अशा इंजिनांत साधारण तीन ते चार बार असतं. आवाजच आला नाही तर पंपाचा रिले त्याच नंबरच्या हॉर्नच्या रिलेशी अदलाबदल करून बघा.

फरक पडला नाही तर स्कॅनर, म्हणजे ईसीएममधले आकडे आणि बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. थंड इंजिनवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं, रात्रभर दोघं एकाच हवेत उभे होते. कूलंट ८० अंश म्हणत असेल तर ईसीएम गरम इंजिन समजून पेट्रोल कमी टाकतो. सेन्सर अगदीच गेला तर पी०११७ नाहीतर पी०११८ कोड येतो, पण नुसता खोटं बोलत असेल तर कोड येईलच असं नाही.

बाकी खुणा भराभर. सेल्फ फिरतोय आणि स्कॅनरवर आरपीएम शून्य: क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा) किंवा त्याची वायर, कोड पी०३३५. तो गरम झाल्यावर दगा देतो आणि अर्ध्या तासाने शहाणा होतो. चालू होऊन दोन सेकंदांत बंद आणि किल्लीचा दिवा लुकलुकतोय: इमोबिलायझर, म्हणजे किल्ली ओळखणारं चोरीरोधक कुलूप, दुसरी किल्ली लावून बघा. सेल्फ फिरताना पेटते पण किल्ली सोडली की बंद: इग्निशन स्विच. चालू होते पण रेस दिल्याशिवाय टिकत नाही: थ्रॉटल बॉडीत काजळी. सेल्फ एकदम हलका, भिरभिर फिरतोय: थांबा, पुन्हा मारू नका, टायमिंग बेल्ट तुटलेला किंवा दात सरकलेला असू शकतो. आणि गाडी गॅसवर चालत असेल तर ती सुरू सहसा पेट्रोलवरच होते. टाकीत महिनोन्‌महिने तळाशी पडून राहिलेलं पेट्रोल इंजेक्टरला डिंकासारखं चिकटतं.

मागची सीट
सेकंडहँड घेतानाच हे सगळं कळायचा काही मार्ग?

कार्बन ब्रश
थंड इंजिन. विकणाऱ्याला आधीच सांगायचं की मी येईपर्यंत चालू करू नका, आणि गेल्यावर पहिल्यांदा बोनेटखाली हात. कोमट लागलं तर ‘मगाशी जरा बाजूला घेतली’ ऐकायला मिळेल. परत दुसऱ्या दिवशी जा.

सेल्फचा ताल ऐका. घर-घर-घर सारखं असावं, एक ठोका नेमाने हलका पडत असेल तर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी. मोजताना सिलिंडरांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नको. कमी असलेल्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजायचं: वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. पहिल्या मिनिटात मिसिंग, गोडसर वासाचा पांढरा धूर आणि मग सगळं सुरळीत, असं असेल तर रात्री कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतंय. ती गाडी तिथेच सोडा, बाकी काही बघू नका.

स्कॅनर लावलात तर कोड नाहीत यावर खूश होऊ नका. रेडिनेस मॉनिटर (ईसीएमच्या स्वतःच्या तपासण्या) अपूर्ण असतील आणि कोड पुसल्यापासूनचं अंतर पाच-दहा किलोमीटर दाखवत असेल, तर सकाळीच कोणीतरी पाटी कोरी केलीय.

अर्धा चोक
म्युझिकची वायर बदलली, गळती २० मिलिअँपिअर, तीन दिवस उभी राहूनही १२.५८. सकाळचा त्रास संपला. दुपारचं ‘टॉक’ मात्र आज परत झालं.

ओहमचा नियम
आता सेल्फकडे वळू. टॉक होत असतानाच मोजावं लागेल, म्हणून मीटरला लांब वायरी लावून तयार राहा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, वायरी पुली-पंख्यापासून दूर. सेल्फवर तीन जागा आहेत: बॅटरीची जाड वायर येते तो बोल्ट, म्हणजे ३० नंबर, किल्लीकडून येणारी बारीक वायर, ५० नंबर, आणि सोलेनॉइडमधून (सेल्फवरचा मोठा करंट जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) मोटरच्या पोटात जाणारा दुसरा जाड बोल्ट. काळं टोक इंजिनवर.

टॉक होताना ५० नंबरला सात-आठच व्होल्ट आले तर इग्निशन स्विच किंवा रिले दोषी, सेल्फ निर्दोष. तिथे ११ च्या आसपास आहेत, ३० ला १२ आहेत, पण मोटरच्या बोल्टवर शून्य, तर सोलेनॉइडमधले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेत. मोटरच्या बोल्टवरही ११-१२ आले आणि तरी फिरली नाही, तर मोटरमधले कार्बन ब्रश किंवा आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग).

गरम असतानाच का? तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. सोलेनॉइड साठ अंशांनी तापला तर कॉइल जवळपास एकोणीस टक्के कमी करंट घेते, ओढ कमी होते, आणि जळक्या कॉन्टॅक्टवर चकती नीट दाबली जात नाही.

अर्धा चोक
तीन वेळा पकडलं. ५० नंबरला ११.३, ३० नंबरला १२.२, मोटरच्या बोल्टवर शून्य.

कार्बन ब्रश
म्हणजे कॉन्टॅक्ट. पूर्ण सेल्फ बदलायची गरज नाही. खोलून मागचं टोपण काढलं की दोन तांब्याचे तुकडे आणि प्लंजरवर गोल चकती दिसेल. बॅटरीच्या बाजूचा तुकडा बहुधा जास्त खाल्लेला असतो, एका कडेला खड्डा पडलेला. कॉन्टॅक्ट वेगळे मिळतात, टोपण बंदिस्त असेल तर सोलेनॉइड अख्खा मिळतो. उघडलाच आहे तर ब्रशची लांबी, बुशचा ढिलेपणा आणि पिनियनचे (इंजिनला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचे) दात बघून घ्या. पिनियनच्या खोबणीला जाड ग्रीस लावू नका, धूळ धरतं आणि अडकतं.

अर्धा चोक
खोललं. एक तुकडा निम्मा उडालाय, चकतीवर काळी कड. ब्रश बरे आहेत. नवे कॉन्टॅक्ट मिळाले, चकती मिळाली नाही. जुनी उलटी करून बसवली तर?

दहाचा पाना
मागची बाजू सपाट आणि न जळलेली असेल आणि रचना उलटी बसू देत असेल तर चालेल. आधी पॉलिश पेपर काचेवर ठेवून चकती त्यावर घासा, हातात धरून कानस मारू नका, उंचवटा राहतो. दोन्ही कॉन्टॅक्ट एकाच पातळीत आहेत ना ते चकती वर टेकवून बघा. डुगडुगली तर एकाच बाजूला ठिणगी पडणार आणि दोन-चार महिन्यांत परत हेच ‘टॉक’. नटखालचा इन्सुलेटिंग वॉशर विसरू नका, तो राहिला तर बॅटरीची वायर थेट टोपणाला चिकटते.